तोंडपाठ माप

शिंपीकाकांनी वही पाहिली आणि पुन्हा टेप लावला. खांद्यापासून घोट्यापर्यंत ग्रंथपाल बाई दहा वर्षांत दोन इंच कमी भरत होत्या.

"मास्तर, टेप बदला आता," बाई हसल्या.

"टेप कालच आणलाय. तुम्ही डॉक्टरांना दाखवा."

महिन्याभराने बाई मुद्दाम सांगायला आल्या. हाडं ठिसूळ झाली होती, मणके खचत होते. पाळी लवकर गेलेली, अंगाला ऊन नाही, आईचंही खुब्याचं हाड मोडलेलं. "वेळेत आलात, म्हणाले डॉक्टर. तुमच्या वहीची कृपा!"

काकांना घरी जाईपर्यंत दम निघेना. बायकोला त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकता ऐकता, त्यांनीच शिवलेल्या नव्या गाऊनची खालची कड दुमडून टाके घालत होती.

"हे काय? लांब झाला?"

"दर वेळी होतो. तुम्ही कामात असता, मग मीच दुमडते."

तिचं माप वहीत कधी लिहिलंच नव्हतं. लग्नापासून तोंडपाठ होतं.

काकांनी गळ्यातला टेप काढला. "ऊठ बघू. जरा सरळ उभी राहा."

ती उठली.

"सरळच उभी आहे की."