आडवा रंधा

देवाजींनी सुतारकाम सोडून बारा वर्षं झाली, पण स्वतः बनवलेल्या सागवानी हत्यारपेटीला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. लाकूड तासायचा रंधा पात्यावर टेकवून ठेवला, म्हणून त्यांच्या मुलानं, अश्विननं, लहानपणी त्यांची थप्पड खाल्ली होती. आयुष्यात एकदाच. "आडवा ठेवत जा गा, पातं मरते."

"बाबा मले रोज माझं नाव विचारून राहिले," त्याची बायको मेघा महिनाभर सांगत होती. "धरमपेठेत डॉक्टरले दाखवून आणा."

अश्विनला ते पटत नव्हतं. आज त्यानं पेटीच बाबांसमोर उघडून ठेवली. देवाजींनी एकेक हत्यार उचललं आणि न अडखळता नाव सांगितलं. वाकस, पटाशी, गिरमिट, गुण्या. मग रंधा घेऊन फळीचा एक तुकडा असा तासला, की त्यावरून हात फिरवत राहावा.

"पाय वं मेघा," अश्विन हसला. "काहीच नाही विसरले."



देवाजींनी रंधा खाली ठेवला, पात्यावर टेकवून, आणि अश्विनचा हात आपसूक गालावर गेला.