पहिल्याच फटक्यात

"आई, लॅपटॉपवरचा तो काळा पडदा उघडलात का?" सुनेनं फोनवर विचारलं.

"उघडला. आता?"

सून दवाखान्यात, लस टोचून घ्यायला आलेल्या बाळांच्या रांगेत बसली होती. मांडीवर सात महिन्यांची लेक, कान आणि खांद्याच्या बेचक्यात फोन. भिंतीवरच्या घड्याळात तीनला दहा कमी. चारच्या आत तिचा प्रोग्रॅम चालवून त्याचं उत्तर कंपनीला पाठवायचं होतं. दीड वर्षानंतर नोकरीचं दार किलकिलं झालं होतं आणि लसही नेमकी आजच. नवरा दुपारपाळीला, तिथे फोन बंद.

प्रोग्रॅम तिनं लेकीला पाजता पाजता एका हातानं वहीत लिहिला होता आणि ती निजली की लॅपटॉपवर उतरवला होता. पण लॅपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली नव्यानंच घातलेली, त्यात कंपायलर घालायचा राहून गेला. म्हणजे सगळं लिहून तयार, पण ते यंत्राच्या भाषेत उतरवणाराच जागेवर नाही. आणि घरात कोण, तर सासूबाई.

सासूबाई निवृत्त होईपर्यंत एका कारखान्याच्या कचेरीत होत्या. टायपिंग, एवढंच त्या सांगत. आता त्यांचा मुक्काम खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर लोकर. सुनेलाही विणायला त्यांनीच शिकवलं होतं. लेकीच्या डोक्यावरची पिवळी कानटोपी ही सुनेची पहिलीच, पण कुठे एक टाका सुटलेला नव्हता. भेटेल त्याला ती ते दाखवायची. आज नर्सलाही दाखवून झालं होतं.

तिनं एकेक अक्षर सांगायला सुरुवात केली. सुडो. जागा सोडा. एपीटी. जागा सोडा. इन्स्टॉल. जागा सोडा. जीसीसी, हे त्या कंपायलरचं नाव. सासूबाई प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणत एका बोटानं दाबत होत्या. मग पासवर्डची पाळी आली. तो सांगून सुनेनं बजावलं, की लिहिताना पडद्यावर काहीच दिसणार नाही, गोंधळू नका.

"दिसत नसलं तरी उमटतंय ना? मग झालं," सासूबाई म्हणाल्या.

पुढचं काम लिनक्सचंच होतं. नाव सांगितलं की ते गोदामातून वस्तू शोधतं, तिच्यासोबत लागणारं बाडबिस्तर गोळा करतं, आणू का म्हणून एकदा विचारतं आणि जागच्या जागी लावून देतं. होय म्हणायला सासूबाईंनी वाय दाबलं. ओळी भराभर धावायला लागल्या, असं त्यांनी कळवलं.

शेजारच्या बाईला राहवेना. कोणाला शिकवताय, म्हणून तिनं विचारलं. सासूबाईंना, हे ऐकून ती म्हणाली, "आमच्या सासूबाई टीव्हीचा रिमोट अजून उलटा धरतात." सुनेची मान आणखी ताठ झाली.

कंपायलर बसला. आता त्याच्या हाती प्रोग्रॅम द्यायचा. सुनेनं ती आज्ञा सांगितली. पलीकडे बटणं टकटकली.

"थांब गं, चष्मा शोधते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तेवढ्यात लेकीचा नंबर लागला. सुई टोचली, टाहो फुटला. तिला खांद्यावर घेऊन थोपटत फेऱ्या मारण्यात सहा-सात मिनिटं गेली. सुनेचं अर्धं लक्ष घड्याळाकडे.

"मिळाला," सासूबाई फोनवर आल्या. "डोक्यावरच होता."

"पडद्यावर काय आलंय, आई?"

"काही नाही. गप्प बसलाय."

सून जागीच थांबली. कंपायलरला एकही चूक सापडली नाही, तरच तो असा गप्प बसतो. साठ ओळी, एका हातानं, झोपेचं खोबरं करून लिहिलेल्या. तिनं रडणाऱ्या लेकीचा मुका घेतला.

प्रोग्रॅम चालला. उत्तर साडेतीनला रवाना झालं.

दोन दिवसांनी कंपनीचा फोन आला, सोमवारपासून या. तिनं नवऱ्याला सांगितलं, माहेरी सांगितलं, जिन्यात भेटलेल्या शेजारणीला सांगितलं: पहिल्याच फटक्यात, एकही चूक नाही. निम्मं श्रेय मात्र आईंचं, एका बोटानं कंपायलर बसवला त्यांनी, हेही ती हसत जोडायची.

"हात बसलाय हो तिचा," सासूबाई विणकामातून मान वर न करता म्हणायच्या.

रविवारी दुपारी लेक निजली, तशी सून लॅपटॉप घेऊन बसली. आपला प्रोग्रॅम एकदा स्वतःच्या डोळ्यांनी चालताना बघायचा होता. काळ्या पडद्यावर वरचा बाण दाबला, की आधी दिलेली आज्ञा पुन्हा समोर येते. तिनं दाबला. प्रोग्रॅम चालवण्याची आज्ञा आली. सहज आणखी एकदा दाबला. कंपायलरची आली. तिसऱ्यांदा दाबला.

तिनं सांगितलेल्या आज्ञा तीनच. आता कंपायलर बसवण्याची यायला हवी होती.

आली ती वेगळीच. प्रोग्रॅमची फाइल उघडा, थेट एकेचाळिसाव्या ओळीवर.

चौथ्यांदा दाबला. पुन्हा कंपायलरची.

तिनं वही काढली आणि ओळी मोजल्या. एकेचाळिसाव्या ओळीत तिनं कंस उघडला होता. शेवटपर्यंत तो कुठेच मिटवलेला नव्हता. फाइल उघडून पाहिली, तर पडद्यावर तो मिटलेला होता.

तिनं मान वळवली. खिडकीशी सासूबाई भराभर विणत होत्या. चष्मा डोक्यावर होता.

सून उठली. निजलेल्या लेकीच्या डोक्यावरची पिवळी टोपी तिनं अलगद काढली, उजेडात धरली, आणि पहिल्या ओळीपासून एकेक टाका बघायला लागली.