पाय उचलू नका

"दाबा," गाडीखालून किशनरावांचा आवाज आला. "हौ, तसंच धरा."

हणमंतरावांनी ब्रेक दाबून धरला. जुन्या मॉरिसला ब्रेकचा नवा मास्टर सिलिंडर बसला होता. आता नळीतली हवा तेवढी काढायची राहिली होती. सिलिंडर आबिड्सच्या बाजारातून शोधून आणला किशनरावांनी, बसवलाही त्यांनीच. शेजाऱ्याला आजच एवढा पुळका का यावा?

हैदराबाद राज्य मोडलं होतं. मराठवाडा मुंबईकडे गेला होता आणि कचेरीतल्या या दोघांपैकी एकाला औरंगाबादला जायचं होतं. साहेबांपाशी कुणीतरी हणमंतरावांचं नाव घातलं. कुणी, ते विचारायला जीभ रेटत नव्हती. उद्या बायकापोरांना घेऊन याच गाडीतून निघायचं होतं, वाटेत मांजरसुंब्याचा घाट होता.

म्हणून सकाळपासून ते किशनरावांच्या हातांवर डोळा ठेवून होते. एकदा तर वाकून ब्रेकच्या तेलाचा वासही घेतला. काय कळणार होतं त्यात, कपाळ!

"मिस्त्रीकडं का नाही जाऊ दिलंत मला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"गाव सोडून चाललेल्या गिऱ्हाइकाचं काम तो कशाला मन लावून करतोय?"

"आणि तुम्ही?"

पाना फिरल्याचा आवाज झाला आणि हणमंतरावांच्या पायाखालचा ब्रेक हळूहळू खाली जाऊ लागला.

"स्क्रू ढिला केलाय. आता काही झालं तरी पाय उचलू नका. हवा आत शिरली तर घाटात ब्रेक लागायचा नाही." किशनराव खालूनच म्हणाले, "तुमचं नाव मीच घातलं. मला इथून हलायचं नव्हतं."

हणमंतरावांची कानशिलं तापली. उतरावं आणि पाय धरून या माणसाला फरफटत बाहेर ओढावं, असं त्यांना वाटलं. पण ब्रेकवरचा पाय त्यांनी हलवला नाही.

"आवळला. सोडा आता."

किशनराव बाहेर आले. तेलानं माखलेले हात तसेच ठेवून, मान खाली घालून दारापाशी उभे राहिले. हणमंतरावांनी पुन्हा ब्रेक दाबून पाहिला. घट्ट होता.

घराकडे तोंड करून त्यांनी बायकोला हाक मारली, "तारामती, पोरांना घेऊन ये. सुलतान बाजारापर्यंत चक्कर मारून येऊ."