गाठोडं कोनं बांधाचं

इकडं बैस बाप्पा, तुले अल्लीपूरची आजची गोष्ट सांगतो. ऐकशीन तं तुयंई डोस्कं तापन.

बाबाराव दवाखान्यातल्या खाटेवर उताना पडला होता. छातीले तारा चिकटवलेल्या, तोंडावर घाम. बैलायच्या शर्यतीतून, शंकरपटावरून येता येता ट्रकमंदीच छातीत कळ निंघाली. पटाचे बैल तसेच बाहेर ट्रकात उभे. ॲम्बुलन्स दुसऱ्या गावाले गेलती.

छातीचे ठोके टिपनारी मशीन चांगली चालू होती. पन तिची बोली फक्त तिच्याच तारेवर चाले. पह्यले डॉक्टर बाजूच्या खोलीत बसे, तार तिथवर पुरे. आता डॉक्टर वर्ध्याले बसते. म्हनून ते बोली इंटरनेटच्या गाठोड्यात बांधून धाडाची. आन हे गाठोडं बांधाचा नियम कोनं लिहाचा, याच्यावर दोन समित्या कवाच्या भांडून राह्यल्या. एक मशीनच्या तारायचे नियम लिहिनारी, दुसरी इंटरनेटचे. दोघींचे इंजिनिअर आज तपासनीले आलते. दोन जीपा घेऊन.

तारवाल्या निकेशनं इथं आपल्या रीतीनं बांधलं. इंटरनेटवाल्या अश्वजितनं इथूनच वर्ध्याच्या टोकाले आपली रीत लावली. गाठोडं गेलं, पोचलं, पन तिकडं सुटेच ना.

"डॉक्टर म्हनते, पडद्यावर काईच नाई," पौर्णिमा सिस्टर फोन कानाले लावून बोलली. "दोघातून एक जन आपली रीत बदला ना, सर!"

"मी काऊन?" निकेश म्हने. "आतला माल आमचा. कसा बांधाचा ते आमीच सांगू."

"आन रस्ता कोनाचा?" अश्वजित बोलला. "आज तुमची गाठ चालू देली, तं उद्या रस्त्याचेई नियम तुमीच लिहान."

"माल बिघडला तं नाव कोनाचं जाईन? आमचं!"

बाबारावची बायको सीताबाई इतका येळ नवऱ्याचे तळपाय चोळत होती. आता उठली.

"कारे पोरहो, बैल ट्रकात चढवला का माहा मालक शिंगाचा दोर बांधते, आन हा मोतीलाल डायवर ट्रकच्या मागच्या फाळक्याचा. बैल याचा, ट्रक त्याचा. पन गाठ मारतानी दोघं भांडत बसले, तं बैल पडन का नाई?"

"काकू, ते येगळं हाये," दोघंई एकदमच बोलले. तेवढ्याच गोष्टीवर त्यायचं एकमत झालं.

मोतीलाल खिडकीत उभा होता. तो ट्रककडं गेला. बैल खाली उतरवले, कडबा सारखा केला. पौर्णिमानं बाबारावच्या छातीवरच्या तारा काढल्या. चार जनायनं त्याले खाटेसंगटच ट्रकात ठेवलं, वर्ध्याले न्याले.

"आन बैल?" मोतीलालनं इचारलं.

सीताबाईनं एक बैल निकेशच्या जीपले बांधला, दुसरा अश्वजितच्या. "आता ठरवा," म्हने, "कोनं सोडाचे ते." आन ट्रकात चढली.

बाबारावले वर्ध्याच्या दवाखान्यात आत घेतलं, एवढाच फोन आला. पुढचं अजून मालूम नाई. इकडं ते दोघं जीपांपासून हातभर लांब उभेच हायेत म्हन्ते. पटाचा बैल अनोळखी मानसाले जवळ येऊ देत नाई.

तू तिकडूनच जाशीन ना? एक काम कर गड्या. बैलायले पानी पाजजो. त्यायचा काई कसूर नाई.