देवकुळेकाकांचा बोगदा

कारखान्याच्या फायरवॉलवरचे व्हीपीएनचे, म्हणजे बाहेरून आतल्या कॉम्प्युटरांशी जोडणाऱ्या चोरवाटांसारखे, तीन बोगदे सांभाळून शाल्मली पार पिचली होती. एक गिऱ्हाइकांचा, दुसरा तिचा स्वतःचा, दोन तासांची बस टाळून घरून काम करायचा, आणि सर्वांत जुना देवकुळेकाकांचा. काका वारून चार वर्षं झाली, तरी त्यांचं मन कारखान्याच्या कॉम्प्युटरात नोकरीला होतं. रोज सहाला ते त्या बोगद्यातून घरी बायकोशी गप्पा मारायला जायचं.

आज साहेबांचा हुकूम आला, एक बोगदा बंद करा.

"काका, माझ्या बोगद्यानं जा की!"

"काकूच्या जुन्या फोनला तो चालत नाही गं. नवा फोन तिला नको. त्यात म्हणे मी मेल्यासारखा बोलतो."

"राहू दे मग तुमचा."

"आणि तू गं?"

"येईन बसनं, देहासकट," म्हणत शाल्मलीनं स्वतःचाच बोगदा बंद केला.