चवदार माल बाद

“काही नाही,” चाखेकाका म्हणाले आणि पीचची फोड बादलीत थुंकले.

साहेब टेबलापाशी उभे होते. एरवी ते फळांच्या गोदामात फिरकतही नसत. “कालही काही नाही, परवाही काही नाही. काका, मग तुम्ही दिवसभर करता काय?”

काकांचं काम चव पकडायचं होतं. गोदामातली फळं एका साच्यातून काढल्यासारखी. रंगाने लाल, हाताला टणक, महिनाभर नासणार नाहीत अशी, आणि चवीच्या नावाने शंख. पण ढिगात एखादं फळ वाट चुकून गोड निघायचं, आणि तेच घात करायचं. सगळीच बेचव निघाली तर गिऱ्हाईक निमूट खातं. एक गोड निघालं की विचारतं, बाकीच्यांना काय धाड भरली? म्हणून काका पेटीपेटीला नाक लावत, संशय आला की फोड कापून जिभेवर फिरवत आणि चवदार माल बाद करत. गिळायला मनाई होती. बाद फळं चुन्याच्या पिंपात चेचली जात. सगळी हयात या एका जिभेवर गेली होती. गोदामामागच्या कंपनीच्या दोन खोल्याही जिभेनेच मिळवल्या होत्या. चाखेकाका हे नावही हमालांनी ठेवलेलं. खरं नाव आता बायकोलाच ठाऊक, आणि ती ते घेत नसे.

पण बागांत दरवर्षी नवी जात यायची, आधीपेक्षा टिकाऊ. यंदा तर औषधालाही चव सापडेना.

“महिनाअखेरपर्यंत बघू,” साहेब म्हणाले. “नाहीतर टेबल उचलायचं. मग खोल्याही सोडाव्या लागतील. वाईट वाटून घेऊ नका.”

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. “चोर सापडेना म्हणून शिपायालाच घरी बसवतात होय?”

“बसवतात गं.”

“मग घरचा चोर न्या की.”

तिने परसाकडे बोट केलं. तिथे पीचचं झाड होतं. कधीकाळी खाऊन टाकलेली कोय तिनेच मातीत ढकलली होती आणि भांड्यांच्या पाण्यावर झाड वाढवलं होतं. त्याचं फळ खाताना रस कोपरापर्यंत ओघळायचा. डाग नसलेली दोन फळं निवडून तिने डब्यात जेवणाशेजारी ठेवली. “चुन्यात जाणार बिचारी,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी ती पेटीत सरकवली आणि घटकाभराने पकडली. “बाद,” ते असं काही म्हणाले, की हमाल हातातलं ओझं ठेवून जमा झाले. साहेब धावत आले. त्यांनी फोड तोंडात घातली, डोळे मिटले आणि थुंकायचं विसरले.

“भयंकर आहे,” डोळे उघडून ते म्हणाले. “अजून आहे का थोडं? खात्री करायला.”

त्यानंतर रोज एखादं फळ सापडू लागलं. बागवाल्यांना बोलावून झापलं गेलं. त्या बिचाऱ्यांनी आईची शपथ घेतली, की आमच्याकडे चव नाही, आजवर कधी नव्हती. काकांना टेबलाशेजारी नवा पंखा मिळाला.

पण साहेबांच्या डोक्यावरही साहेब होते. “वरचे विचारतात,” एक दिवस साहेब म्हणाले, “तुम्ही पकडता हे ठीक. पण एखादं सुटलं, तर असं कोणतं आभाळ कोसळणार आहे?”

“मग कोसळू द्या एकदा,” बायको रात्री म्हणाली. “एक मोकाट सोडा. गिऱ्हाईक बोंबलत आलं, की तुमची किंमत कळेल त्यांना.”

तिने शेंड्याच्या फांदीवरचं, उन्हात पिकलेलं फळ काढून दिलं. असं फळ त्या झाडालाही वर्षात एखादंच धरायचं. काकांनी ते पेटीत ठेवलं, झाकण ठोकलं आणि गाडी निघेपर्यंत दुसरीकडे बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात साहेबांचं बोलावणं आलं. खोलीत एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या बाहीवर मोठा डाग होता. तो डाग बघून काकांचा जीव भांड्यात पडला. घर वाचलं.

“ताई, यांनाही सांगा,” साहेब म्हणाले.

“अहो, पेटी छानच होती, नेहमीसारखी,” बाई म्हणाली. “पण एक फळ खराब निघालं. यांनी चावा घेतला तर आतून पाणीच सुटलं. बाही बघा. आणि वास म्हणजे, खिडक्या उघडाव्या लागल्या.”

“मला तर वाटलं, काहीतरी औषध मारलंय,” नवरा म्हणाला. “चुळा भरल्या, तरी तोंडातून जाईना.”

काकांनी धीर धरून विचारलं, “पण मग बाकीची फळं? ती फिकी लागली असतील ना त्याच्यापुढे?”

“छे हो. ती खाल्ली तेव्हा कुठे बरं वाटलं.”

“आणि ते?”

“ते फेकलं. घरात मुलं आहेत आमच्या.”

साहेबांनी त्यांना एक पेटी भेट दिली, दारापर्यंत पोचवलं आणि परत येऊन काकांशेजारची खुर्ची ओढली. त्यांचा आवाज अगदी घरच्या माणसाचा होता.

“काका, टेबल उचलू या. तुम्ही पगार घेऊन जे करत होता, ते आता लोक घरबसल्या फुकट करतात.”