बारीतले गव्हले

इटलीतल्या बारी शहराच्या जुन्या गल्लीत कालिंदीताईंनी सायकल भिंतीला टेकवली. गुडघे बोलायला लागले होते. सकाळपासून समुद्राकाठच्या प्रत्येक वळणावर सायकल सहलीचा सगळा गट त्यांच्यासाठी थांबत होता, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

"केतकी, मी इथेच बसते. तुम्ही चर्च बघून या," त्या लेकीला म्हणाल्या. गाइडनेही मान डोलावली.

शेजारच्या दारासमोर एक म्हातारी टेबलावर रव्याच्या पिठाचे तुकडे अंगठ्याने दाबून कानाच्या पाळीसारखा पास्ता वळत होती. कालिंदीताई जरा वेळ बघत राहिल्या. मग न राहवून त्यांनी चिमूटभर पीठ उचललं आणि बोटांत फिरवून तांदळाएवढे गव्हले वळायला घेतले, मिरजेत लग्नघरी वळायच्या तसे.

म्हातारीचा अंगठा थांबला. एक गव्हला तळहातावर घेऊन तिने निरखला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारली. चार बायका खुर्च्या घेऊन आल्या. कुणाची भाषा कुणाला कळत नव्हती, पण हसणं काही थांबत नव्हतं.

तासाभराने गट परतला. गाइड बघतच राहिला.

"या आजी कुणालाच पिठाला हात लावू देत नाहीत! मी आठ वर्षं विनवतोय."

"आई, निघायचं ना? किल्ला राहिलाय," केतकी म्हणाली.

कालिंदीताईंनी मान वर केली नाही.

"तुम्ही बघून या गं. या बायकांचे गव्हले अजून फार जाड होतायत."